खोल पाइप जॅकिंगमध्ये मातीचा दाब किती धरावा?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर नेमक्या कोणत्या कामाविषयी आहे हे इतर वाचकांनाही कळेल. नागपुरात रेल्वेमार्गाखालून १८०० मिलिमीटर आतील व्यासाची आरसीसी मलवाहिनी पाइप जॅकिंग पद्धतीने, म्हणजे वरून चर न खणता जॅकच्या जोराने जमिनीतून पुढे ढकलायची आहे. पाइपचा बाहेरील व्यास २.२ मीटर, माथ्यावरचे मातीचे आच्छादन १४ मीटर आणि ढकलण्याची लांबी १२० मीटर आहे. माती परीक्षण अहवालात घनता १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर आणि अंतर्गत घर्षणकोन (मातीचे कण एकमेकांवरून सरकायला किती विरोध करतात याचे माप) ३० अंश दिला आहे. या एकाच माहितीवरून सल्लागाराने पाइपच्या माथ्यावरचा उभा दाब २५२ किलोपास्कल काढला आहे, तर कंत्राटदाराच्या अभियंत्याने मृदा-अभियंता कार्ल टर्झाघीच्या सूत्राने ५९ किलोपास्कल. यातला कोणता आकडा धरावा, आणि इतक्या खोलीवर दाबाचा विश्वासार्ह अंदाज बांधता येतो का, असे आपण विचारले आहे.

दोघांचेही गुणाकार-भागाकार बरोबर आहेत, हे मी पडताळून पाहिले. फरक गृहीतकांत आहे. सल्लागाराने १८ ला १४ ने गुणले. याचा अर्थ पाइपवरचा मातीचा संपूर्ण स्तंभ आजूबाजूच्या मातीचा काडीचाही आधार न घेता पाइपवर बसला आहे, असे मानले. कंत्राटदाराच्या अभियंत्याने त्या स्तंभाचे बहुतेक वजन बाजूच्या मातीने उचलून धरले आहे असे मानले, आणि तेही घर्षण पूर्णपणे जागे झाले आहे व कायम तसेच राहणार आहे या विश्वासाने. खरा प्रश्न असा, की आपल्या कामात पाइपभोवतीची माती किती हलणार, कधी हलणार आणि हलल्यानंतर मिळालेला आधार किती वर्षे टिकणार. सूत्राची निवड ही त्यानंतरची गोष्ट आहे.

बाजूच्या मातीने वजन असे उचलून धरण्याला मातीची कमान म्हणतात. ती कशी तयार होते ते समजून घेतले तर पुढचे आकडे आपोआप उलगडतात. धान्याच्या उंच कोठीत तळावरचा दाब धान्याच्या उंचीबरोबर अमर्याद वाढत नाही, कारण काही वजन भिंतीवरच्या घर्षणातून भिंतींकडे जाते. हे गणित यानसेनने १८९५ मध्ये मांडले. टर्झाघीने १९३६ मध्ये वाळूच्या थराखालची एक फळी हळूहळू खाली सरकवून हेच मातीच्या बाबतीत दाखवले. फळी तिच्या रुंदीच्या सुमारे एक टक्का खाली गेली की तिच्यावरचा दाब किमान होतो, कारण वरची वाळू खाली येऊ पाहते आणि बाजूची स्थिर वाळू तिला घर्षणाने धरून ठेवते. फळी आणखी खाली नेली तर दाब पुन्हा काहीसा वाढतो आणि मग स्थिरावतो. फळीच्या रुंदीच्या साधारण अडीचपट उंचीच्या वर या हालचालीचा परिणाम जवळजवळ जाणवत नाही, हेही त्याच प्रयोगांत दिसले. खोल पाइपच्या दृष्टीने हे निरीक्षण फार महत्त्वाचे आहे, त्याकडे पुढे वळतो.

टर्झाघीच्या सूत्राला शब्दांत सांगायचे तर उभा दाब तीन निवडींवर अवलंबून असतो. पहिली निवड सरकणाऱ्या मातीच्या स्तंभाची रुंदी, दुसरी त्या स्तंभाच्या उभ्या कडांवर आडवा दाब उभ्या दाबाच्या किती पट आहे हे सांगणारा गुणांक, म्हणजे के, आणि तिसरी त्या कडांवर घर्षणकोनाचा किती भाग प्रत्यक्ष कामाला येतो. मातीची घनता आणि खोली यांत सहसा वाद नसतो; सगळा वाद या तिघांत असतो, आणि गणितपत्रकात नेमक्या याच तीन गोष्टी लिहिलेल्या नसतात.

आपल्याच कामाचे आकडे घेऊ. ३० अंशांच्या घर्षणकोनासाठी स्तंभाची रुंदी टर्झाघीच्या रचनेप्रमाणे पाइपच्या बाहेरील व्यासाच्या १.७३ पट, म्हणजे ३.८१ मीटर येते. तूर्त भूजल नाही आणि कोहेजन, म्हणजे मातीच्या कणांची एकमेकांना चिकटून राहण्याची ताकद, शून्य आहे असे समजू. के ची किंमत १ आणि घर्षणकोन पूर्ण ३० अंश धरला की दाब ५९ किलोपास्कल येतो. हाच कंत्राटदाराचा आकडा. रुंदी तीच ठेवून के ची किंमत ०.५ आणि घर्षणकोन निम्मा, म्हणजे १५ अंश धरला, तर दाब १६० किलोपास्कल होतो. ही दुसरी निवड मी माझ्या मनाने केलेली नाही. जर्मन पद्धतीत जॅकिंगच्या पाइपसाठी असाच सावध पवित्रा घेतला जातो. के आणि घर्षणकोनाच्या टॅन्जंटचा (tan) गुणाकार ०.१९ धरण्याची चिनी प्रथा लावली, तर याच रुंदीला सुमारे १३६ येतात. क्रायनीनने १९४५ मध्ये सुचवलेला गुणांक या घर्षणकोनाला ०.६ इतका येतो, आणि तो पूर्ण घर्षणासह वापरला की दाब ९१ किलोपास्कल निघतो. एकच माती, एकच खोली आणि एकच सूत्र असताना उत्तर ५९ पासून १६० पर्यंत पसरलेले आहे. म्हणून कोणी नुसते टर्झाघीने काढले आहे असे सांगितले, तर त्यातून मला फारसे काही कळत नाही. तिन्ही निवडी लिहून द्या, असे मी आधी मागतो.

के ची किंमत १ ही निराधार नाही. टर्झाघीने फळीच्या लगेच वर आडव्या आणि उभ्या दाबाचे गुणोत्तर साधारण १ मोजले होते, आणि रुंदीएवढ्या उंचीवर ते सुमारे १.५ पर्यंत वाढलेले होते. मात्र ती मोजणी नियंत्रित प्रयोगातल्या वाळूवरची, फळी ठरवून सरकवल्यानंतरची आणि लगेच घेतलेली होती. आपला पाइप पन्नास वर्षे जमिनीत राहणार, त्यावरून गाड्या जाणार, भूजल दरवर्षी वर-खाली होणार. मी स्वतः के १ आणि पूर्ण घर्षण यांचा उपयोग फक्त ढकलण्याच्या काळातल्या किमान दाबाचा अंदाज घेण्यासाठी करतो. पाइपच्या कायमस्वरूपी मजबुतीसाठी सावध बाजूचा आकडा घेतो, कारण चुकीच्या दिशेने चूक झाली तर लोहमार्गाखालचा पाइप नंतर खणून काढता येत नाही.

आता खोलीविषयी. आच्छादन दुप्पट करून २८ मीटर केले तर संपूर्ण स्तंभाचे वजन ५०४ किलोपास्कल होते. के १ च्या गणितात मात्र दाब ५९ वरच थांबतो, आणि सावध गणितात १६० चे २२० होतात. म्हणजे खोली वाढेल तसे पद्धतींमधले अंतर वाढत जाते, आणि म्हणूनच उथळ कामात खपून जाणारा निष्काळजीपणा खोल कामात महागात पडतो. इथेच ते अडीचपट रुंदीचे निरीक्षण कामाला येते. आपल्या कामात ३.८१ मीटरच्या अडीचपट म्हणजे सुमारे साडेनऊ मीटर उंचीपर्यंतच कमानीचा परिणाम मानावा आणि वरची साडेचार मीटर माती साधा भार म्हणून धरावी, असा विचार टर्झाघीनेच खोल बोगद्यांसाठी मांडला आहे. तसे केल्यास के १ च्या गणितात ५९ चे साधारण ६१ होतात आणि सावध गणितात १६० चे १६६. आपल्या खोलीला फरक किरकोळ आहे, पण २५-३० मीटर खोलीवर आणि कमी घर्षणाच्या मातीत हा फरक दुर्लक्षिण्यासारखा राहत नाही. कमान पृष्ठभागापर्यंत पोहोचली आहे असे गृहीत धरणारे सूत्र खोल पाइपला जसेच्या तसे लावू नये, एवढे तरी यातून घ्यावे.

कोहेजनविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण आपल्या अहवालात ते शून्य असले तरी नागपूरच्या बहुतेक अहवालांत ते शून्य नसते. सूत्रात कोहेजन थेट वजाबाकीने येते. स्तंभाच्या अर्ध्या रुंदीला घनतेने गुणल्यावर आपल्याकडे ३४ येतात. त्यातून कोहेजन वजा होते. एखाद्या चिकण थराच्या प्रयोगशाळेतल्या जलद चाचणीत ४० किलोपास्कल कोहेजन मिळाले आणि ते कोणी जसेच्या तसे भरले, तर पाइपवरचा दाब ऋण येतो, म्हणजे माती पाइपला वर खेचते आहे असा अर्थ होतो. संगणक मग तो आकडा शून्य करून टाकतो आणि अहवालात दाब नाही असे छापून येते. चिकण मातीची ही ताकद काही आठवड्यांपुरती खरी असते. पाणी शिरले, माती फुगली, मऊ झाली, सावकाश सरकली की ती उरत नाही. म्हणून कायमस्वरूपी भारासाठी मी कोहेजन शून्य धरतो किंवा फारच थोडे धरतो, आणि गणित काहीही सांगो, पाइपच्या दोन व्यासांइतक्या उंचीच्या मातीच्या वजनापेक्षा कमी दाब कधीच घेत नाही. आपल्या पाइपसाठी ही किमान मर्यादा ७९ किलोपास्कल होते. कंत्राटदाराचे ५९ या एकाच कसोटीवर बाद होतात.

आता पाण्याकडे येतो, कारण आपल्या माहितीत मला सर्वांत जास्त खटकले ते इथे. बोअरहोल मे महिन्यात घेतले आणि पाणी आढळले नाही, एवढेच आपण लिहिले आहे. नागपुरात मे महिन्यातली भूजल पातळी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली पातळी यांत मोठे अंतर असते. उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत दिसणारी विहीर पावसाळ्याच्या शेवटी काठापर्यंत येते हे विदर्भात कोणालाही सांगायला नको. तेव्हा अहवालातल्या त्या वाक्याचा अर्थ पाणी नाही असा न घेता, पाण्याची उच्चतम पातळी अजून मोजलेली नाही असा घ्यावा. तुलनेसाठी पावसाळ्यानंतर पाणी जमिनीखाली ४ मीटरवर येते असे समजू. मग पाइपच्या माथ्यावर १० मीटर पाणी, म्हणजे ९८ किलोपास्कल दाब असेल. पाण्याला घर्षण नसते, त्यामुळे त्याची कमान होत नाही आणि तो दाब एक कणही कमी न होता पाइपपर्यंत पोहोचतो. पाण्याखालच्या मातीचे परिणामी वजन, म्हणजे पाण्याची उचल वजा जाता उरणारे वजन, मात्र निम्म्यावर येते, म्हणून मातीच्या कणांचा दाब घटतो. ओल्या मातीची घनता १९, म्हणजे पाण्याखाली परिणामी सुमारे ९ धरून थरांनुसार गणित केल्यास के १ च्या पद्धतीत मातीचा दाब ५९ वरून ३० वर उतरतो, पण पाणी मिळवून एकूण १२८ होतो. सावध पद्धतीत मातीचा दाब ९६ आणि पाणी मिळून १९४ होतो. ज्या पत्रकात ५९ लिहिले आहे, त्याच पत्रकाच्या पद्धतीने पावसाळ्यात १२८ येतात, हे कंत्राटदाराच्या अभियंत्याला नक्की दाखवा.

पाणी आणि माती यांचे दाब एकत्र करून एकच आकडा पुढे सरकवण्याची सवय मात्र सोडली पाहिजे, कारण दोघांचे पाइपवरचे काम वेगळे आहे. पाण्याचा दाब गोल पाइपला चहूबाजूंनी जवळजवळ सारखा दाबतो. त्याने काँक्रीट मुख्यतः आवळले जाते, आणि तसा दाब काँक्रीट सहज सोसते. मातीचा उभा आणि आडवा दाब मात्र वेगवेगळा असतो आणि या फरकामुळे पाइप वाकते, तिच्या माथ्याला आणि तळाला आतून चिरा पडतात. म्हणून चिरांच्या तपासणीसाठी मातीचा परिणामी दाब महत्त्वाचा, तर सांध्यांतल्या रबरी रिंगांसाठी, खोदाईच्या तोंडावरच्या स्थैर्यासाठी आणि ग्राउटच्या, म्हणजे पोकळी भरायला दाबाने सोडलेल्या सिमेंटच्या पातळ मिश्रणाच्या, दाबासाठी पाण्याचा दाब महत्त्वाचा. आडवा दाब ठरवताना हेही लक्षात घ्यावे, की कमानीने वरून उचललेले वजन हवेत विरत नाही. ते पाइपच्या दोन्ही बाजूंच्या मातीत उतरते आणि तिथला दाब वाढवते. या वाढीचा पाइपला आधार म्हणून लाभ घ्यायचा की नाही हे पाइप आणि माती यांच्यातली पोकळी ग्राउटने नीट भरली जाणार आहे की नाही यावर ठरते. भरण्याची खात्री नसेल तर मी तो लाभ धरत नाही.

इथपर्यंतचे सगळे विवेचन माती सैल होऊन पाइपवर टेकली आहे असे मानून झाले. पाइप जॅकिंगचे वैशिष्ट्य असे, की ढकलण्याच्या काळात अनेकदा ती टेकलेलीच नसते. कापणारे तोंड पाइपपेक्षा थोडे मोठे छिद्र पाडते. या ओव्हरकटची जाडी सगळीकडून २० मिलिमीटर असेल तर ती आपल्या पाइपच्या व्यासाच्या एक टक्क्याच्या आसपास जाते. टर्झाघीच्या प्रयोगात दाब किमान व्हायला जेवढी हालचाल लागली, तीही याच पट्टीतली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कडक मुरुमात ते छिद्र आपल्या बळावर उभे राहते आणि पाइप तळाला टेकून सरकते. सैल गाळात ते लगेच मिटते. आणि त्या फटीत बेंटोनाईट, म्हणजे वंगणासारखा चिकणमातीचा पातळ लगदा, नीट भरले असेल तर पाइपवर माती नसून बेंटोनाईटचा दाब असतो, जो आपण पंपावर ठरवतो. हा दाब भूजलाच्या दाबापेक्षा थोडा अधिक राखला तर बेंटोनाईट मातीच्या छिद्रांत शिरून एक साय धरते आणि छिद्र उघडे ठेवते. तो भूजलापेक्षा कमी पडला तर साय टिकत नाही, माती आत येते आणि आपले गणित त्या दिवसापासून बदलते.

यातला एक बारकावा पत्रकांत क्वचितच दिसतो. आपल्या पाइपची भिंत २०० मिलिमीटर आहे, म्हणजे तिचे वजन मीटरमागे सुमारे ३१ किलोन्यूटन. ती जेवढी जागा व्यापते तेवढ्या बेंटोनाईटचे वजन मात्र मीटरमागे ३९-४० किलोन्यूटन भरते. म्हणजे चांगल्या बेंटोनाईटमध्ये रिकामी पाइप तरंगते आणि छिद्राच्या माथ्याला जाऊन टेकते. माथ्यावर बसवलेला दाबमापक अशा वेळी वाढलेला आकडा दाखवतो आणि पाहणारा समजतो की वरची माती खाली आली. प्रत्यक्षात पाइप वर गेलेली असते.

शंका आली की मी पाइपच्या आतल्या ग्राउट छिद्रापाशी जातो. प्रत्येक छिद्राला बॉल व्हॉल्व्ह असेल तरच हे करावे, कारण १० मीटर पाण्याच्या दाबाखाली नुसता प्लग काढला तर पाणी आणि वाळू दोन्ही आत येतात आणि आवरत नाहीत. व्हॉल्व्हला घट्ट पॅकिंग बसवून, त्यातून खुणा केलेली ८ मिलिमीटरची सळई सरकवावी. पाइपच्या बाहेरच्या कडेनंतर सळई हाताने सहज वीस मिलिमीटर आत गेली आणि मग टणक टेकली, तर पोकळी उघडी आहे. कडेपाशीच अडली तर माती टेकली आहे. मऊ मऊ जात राहिली आणि सळईच्या टोकाला करडा लगदा चिकटून आला, तर बेंटोनाईट आणि माती मिसळू लागली आहे. माथा, दोन्ही बाजू आणि तळ अशा चारही दिशांना हे पाहिले की पाइप छिद्रात नेमकी कुठे आहे ते समजते. महागडा दाबमापक जे एका बिंदूवर सांगतो, त्याचा अर्थ लावायला ही सळई मदत करते.

दुसरा पुरावा जॅकच्या मापकावर आपोआप नोंदला जातो. प्रत्येक पाइप ढकलताना लागलेला जोर आणि अंतर यांचा आलेख काढावा. रेषेचा चढ म्हणजे मीटरमागचा घर्षणरोध. आपल्या पाइपचा परीघ ६.९ मीटर आहे, तेव्हा चढ मीटरमागे ३५ किलोन्यूटन असेल तर पृष्ठभागावरचे सरासरी घर्षण ५ किलोपास्कल होते आणि १२० मीटरसाठी सुमारे ४,१५० किलोन्यूटन, म्हणजे साइटवरच्या बोलीत सव्वाचारशे टन लागतात. घर्षण १५ वर गेले तर हाच आकडा साडेबाराशे टनांच्या पुढे जातो आणि इंटरजॅक, म्हणजे पाइपांच्या रांगेत मध्येच बसवलेले जादा जॅक, टाळता येत नाहीत. आता ५९ किलोपास्कल दाब चहूबाजूंनी टेकलेला असता आणि घर्षणाचा गुणांक ०.४ असता, तर मीटरमागे १६० किलोन्यूटनांहून अधिक लागले असते. आलेख त्याच्या एक-पंचमांश चढ दाखवत असेल, तर माती अजून टेकलेली नाही असा निष्कर्ष काढता येतो. तो निष्कर्ष फक्त त्या दिवसापुरता खरा असतो. रविवारी काम बंद राहून सोमवारी पहिला धक्का देताना जोर किती चढतो हे मी नेहमी वेगळे टिपून ठेवायला सांगतो, कारण माती किती वेगाने पाइपला धरू पाहते याचे ते सर्वांत प्रामाणिक मोजमाप आहे. चोवीस तासांत दीडपट जोर लागत असेल, तर कायमच्या दाबासाठी सावध आकडाच बरोबर आहे असे मी समजतो.

नागपूरच्या जमिनीविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण वरचे सगळे आकडे एकजिनसी मातीचे आहेत आणि आपले शहर एकजिनसी जमिनीवर वसलेले नाही. दख्खनच्या बेसाल्टचा पूर्वेकडचा काठ इथेच संपतो. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्सच्या बाजूला बेसाल्ट आहे, त्याखाली लॅमेटा या जुन्या गाळखडकाचे थर, आणि पूर्वेला व उत्तरेला कामठीचे वालुकाश्म, जुने ग्नाइस व त्यांवरचा नदीचा गाळ. १२० मीटरच्या एकाच ढकलणीत वरच्या अर्ध्या तोंडाला मुरूम आणि खालच्या अर्ध्याला टणक दगड लागू शकतो. झिजलेल्या बेसाल्टमध्ये कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले मोठे गोटे असतात आणि दोन लाव्हाथरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा असतो, जो कोरडा असताना टणक भासतो आणि पाणी लागताच सुटतो. अशा जागी टर्झाघीचे सूत्र मुळात लागू होत नाही, कारण तिथे सलग मातीचा स्तंभ सरकत नाही. एखादा गोटा किंवा दगडाची पाचर सुटते आणि पाइपच्या एकाच जागी टेकते. सरासरी दाब कमी आणि एका बिंदूवरचा भार जास्त, अशी ती परिस्थिती असते. तिथे बोअरहोल दाट घेणे आणि ग्राउटने पोकळी भरणे याला कोणत्याही गुणांकापेक्षा जास्त किंमत आहे. काळ्या मातीची धास्ती मात्र या कामात अनाठायी आहे. तिचा थर वरच्या काही मीटरांत असतो आणि १४ मीटरवरच्या पाइपला तिचा फुगारा पोहोचत नाही. तिचा त्रास जॅकिंग पिटच्या, म्हणजे पाइप ढकलण्यासाठी खणलेल्या खड्ड्याच्या, वरच्या भिंतींना होतो, तिथे त्याचा विचार अवश्य करावा.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण निर्णयात ती येते. ढकललेल्या पाइपांच्या चिरा मी जिथे पाहिल्या, तिथे बहुतेक वेळा कारण मातीचा दाब नव्हते. दिशा थोडी चुकली, ती दुरुस्त करताना दोन पाइपांमध्ये कोन झाला, आणि शेकडो टनांचा जोर सांध्याच्या एका कडेवर एकवटला. सांध्यात बसवलेले प्लायवूडचे पॅकिंग एका बाजूला कागदासारखे दबलेले आणि दुसऱ्या बाजूला कोरे करकरीत राहिलेले दिसले, की समजावे. ऑक्सफर्डमध्ये मिलिगन आणि नॉरिस यांनी मापके बसवलेल्या पाइप प्रत्यक्ष कामांत ढकलून जे अभ्यास केले, त्यांतही सांध्यातल्या कोनाचे महत्त्व ठळकपणे दिसले. म्हणून पाइपची श्रेणी ठरवताना फक्त उभ्या दाबासाठी एनपी ४ ही आरसीसी पाइपची जड भाराची श्रेणी पुरते का एवढे पाहून थांबू नये. जॅकचा जोर आणि अपेक्षित कोन यांसाठी सांध्याची तपासणी वेगळी मागावी.

आपल्या कामासाठी मी काय लिहिले असते ते सांगतो. कायमस्वरूपी मातीचा उभा दाब कोरड्या स्थितीत १६५ किलोपास्कल, आणि भूजल ४ मीटरपर्यंत येते असे मोजमापातून सिद्ध झाल्यास मातीचा परिणामी दाब ९६ अधिक पाण्याचे ९८, अशा दोन वेगळ्या भारस्थिती. दोन्हींत कोहेजन शून्य. पाइपच्या वाकण्याची तपासणी कोरड्या स्थितीवर, सांधे आणि तोंडाच्या स्थैर्याची तपासणी ओल्या स्थितीवर. गाडीचा भार १४ मीटरवर मातीच्या तुलनेत फारच थोडा उरतो, तरी रेल्वेच्या तपासणीसाठी तो वेगळा दाखवावा. ढकलण्याच्या काळासाठी पृष्ठघर्षण ५ पासून १५ किलोपास्कलपर्यंतच्या पट्ट्यात धरून इंटरजॅकची जागा राखून ठेवावी आणि पहिल्या ३० मीटरच्या आलेखावरून ती वापरायची की नाही ते ठरवावे. २५२ चा आकडा मी फक्त दोन परिस्थितींत स्वीकारला असता: ओव्हरकट नसताना, किंवा माती इतकी मऊ आणि सावकाश वाहणारी असताना की कोणताही आधार काही वर्षांत विरून जाईल. आपल्या अहवालातली माती तशी दिसत नाही.

सल्लागारांना भेटाल तेव्हा त्यांचा आकडा चुकीचा आहे असे म्हणू नका. स्तंभाची रुंदी, के आणि घर्षणकोन या तीन ओळी दोन्ही पत्रकांत भरून मागा, मग दोघांमधले अंतर कशामुळे आहे ते टेबलावरच दिसेल. आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी मार्गरेषेच्या दोन्ही टोकांना एकेक स्टँडपाइप (भूजल पातळी मोजण्याची उभी नळी) पाइपच्या तळापर्यंत बसवून घ्या व ऑक्टोबर संपेपर्यंत दर आठवड्याला त्यातली पाण्याची पातळी नोंदवा. ती नोंद हाती आली की वरच्या दोन भारस्थितींपैकी कोणती पक्की करायची ते ठरवता येईल. माझे ४ मीटर हे तूर्त फक्त गृहीतक आहे.